मयताचं पाणी

"तुमच्यात मातीनंपण चालतं ना? पाणी नसलं तर?"

पाणीपुरवठा कंपनीच्या ऑफिसात, काचेच्या पलीकडून, साहेबांनी मला हे विचारलं. आवाज चढवलेला नव्हता. उलट मदत केल्यासारखा सूर होता. शेजारी कॉम्प्युटरवर बसलेला माणूस मान खाली घालून हसला.

माझी अम्मी तेव्हा घरात चटईवर होती. पहाटे गेली होती. ऐन उन्हाळा. नळाला पाळी यायला बराच अवकाश होता आणि आमच्या पिंपात तळाला नुसता गाळ. मयताला गुसल द्यायचा, म्हणजे शेवटची आंघोळ घालायची, तर पाणी पाहिजे. ते मागायला मी आणि चाचा गेलो होतो. आमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडा, एवढंच मागणं.

"मॅडम, व्हॉल्व्ह उघडायची पॉवर माझ्याकडं नाही. सगळं वरून चालतं."

"वरून म्हणजे कुठून?"

"वरून म्हणजे वरून. मी पुण्याला मेल टाकणार, ते पुढं बाहेर पाठवणार. कंपनी आता फॉरेनची आहे. माहीत नाही का तुम्हाला?"

हे सांगताना ते खुर्चीत जरा सरळ झाले. आणि मग तो मातीचा प्रश्न.

पाणी मिळतच नसेल तर पाक, म्हणजे स्वच्छ मातीवर हात टेकून तयम्मुम, बिनपाण्याची शुद्धी, करता येतो, हे खरं आहे. ज्यांच्या आसपास पाणीच नाही, त्यांच्यासाठी ती सवलत आहे. साहेबांनी ती मला दिली तेव्हा ते गावच्या पाण्याच्या टाकीखाली बसले होते. टाकी भरलेली होती. ओघळ उतरून ऑफिसची मागची भिंत हिरवी झाली होती.

चाचांनी हात जोडले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पोराच्या वयाच्या साहेबापुढं. "मेहरबानी साहेब," म्हणाले. कशाची मेहरबानी, हे मी त्यांना आजवर विचारलेलं नाही. मी शिक्षिका आहे. मराठी आणि इंग्रजी शिकवते. त्या दिवशी दोन्ही भाषांतला एकही शब्द माझ्या तोंडाला आला नाही.

आमच्या गावात एक रीत होती. ज्या गल्लीत मयत होईल त्या गल्लीला पाळी नसली तरी पाणी सुटायचं. अर्ज नाही, विनंती नाही. नगरपालिकेचे पाणी सोडणारे दगडूमामा बातमी ऐकली की लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघायचे. व्हॉल्व्ह फिरवायचे आणि कोपऱ्यावरून ओरडायचे, "मयताचं पाणी सोडलंय गं बायांनो, भरून घ्या!" घर कुणाचं, कुठल्या जातीचं, हे त्यांनी कधी पाहिलं नाही. पुरून या नाहीतर जाळून या, परत आलेल्या माणसांना पाणी लागतंच.

अब्बा गेले तेव्हा मी नववीत होते. घरात सगळं थांबलेलं आणि मोरीत नळ खळखळ चाललेला. मला त्या आवाजाचा राग आला होता.

मग नगरपालिकेनं पाणी कंपनीच्या हवाली केलं. कंपनी पुढं परदेशी मालकांना विकली गेली. दगडूमामा घरी बसले. व्हॉल्व्हच्या खड्ड्यांवर लोखंडी झाकणं आली आणि झाकणांवर कुलपं. शिस्त आली, असं लोक म्हणाले. मीही म्हणाले असेन. पाळी मात्र लांबतच गेली.

अम्मीला गुसल मिळाला. शेजारच्या राधाक्कांनी त्यांचं पिंप लोटत लोटत आमच्या दारात आणलं. "घाल पोरी तुझ्या आईला पाणी. आमचं आमी बघतो." मागून बाया आल्या. कुणाची कळशी, कुणाची बादली. पिंपात अळ्या वळवळत होत्या. ते पाणी मी ओढणीतून गाळलं, बोरीचा पाला टाकून कोमट केलं. बेंबळीहून आलेल्या खाला, माझ्या मावशी, सांगत होत्या, "हळू. केसांसाठी राखून ठेव."

अम्मीचे केस मरेपर्यंत दाट होते. शिकेकाई उकळून, उन्हात पाट टाकून, निवांत न्हायची ती. न्हाताना तिला हाक मारली तर ओ द्यायची नाही. त्याच केसांवर मी तांब्या अर्धाच भरून ओतत होते. शेवटचं कापराचं पाणी पायांपर्यंत पुरलं नाही. खाला म्हणाल्या, "अल्ला बघतो, बेटा."

मीही बघत होते.

रडू तेव्हा आलं नाही. अजून नीट आलेलं नाही. लिहायला बसले की एखादं वाक्य होतं आणि हात थांबतो.

अम्मीचा चाळिसावा दिवस झाला आणि साहेब आमच्या शाळेत आले. तेच साहेब. कंपनीचे परदेशी मालक गाव बघायला येणार होते. शाळेच्या मैदानावर मांडव पडणार होता आणि गावातर्फे कुणीतरी इंग्रजीत आभार मानायचे होते. हेडसरांनी माझं नाव सुचवलं होतं. साहेबांनी मला ओळखलं नाही. टाईप केलेला कागद माझ्यापुढं ठेवला.

"नुसतं वाचायचं, मॅडम. आणि डोक्यावरून ओढणी घ्या हं. फोटोत चांगलं दिसतं."

हेडसर हसले. त्यांच्या हसण्यात काही वाईट नव्हतं, त्यांना फक्त काही दिसलं नाही. मी कागद घेतला. गावातल्या मायबहिणींची पायपीट संपली, असं त्यात होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी मी माईकसमोर गेले आणि कागद पर्समध्येच राहू दिला. ओढणी खांद्यावर होती, तिथंच ठेवली. पहिल्या रांगेत पाहुणे. उन्हानं लाल झालेले, गळ्यात हार, हातात सीलबंद पाण्याच्या बाटल्या. त्यांच्यात एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ होते. त्यांच्याकडं बघून मी इंग्रजीत म्हणाले, "माझी आई वारली. तिला धुवायला पाणी मागितलं, तर तुमच्या ऑफिसानं सांगितलं, वर विचारावं लागतं. आणि माती वापरा म्हणाले. ते वरचे तुम्हीच का?"

मग तेच मराठीत सांगितलं. मागं बसलेल्या बायांना कळायला हवं होतं.

राधाक्का उठून उभ्या राहिल्या. "खरं हाय! पिंप म्या दिलंय, म्या!"

"त्यांला बी पाजा की येक गिलास आपल्या नळाचं!" मागून कुणीतरी ओरडलं.

"नळाला यील तवा पाजशील न्हवं! तवर त्यांचं इमान उडून जाईल!"

मांडव हसला. साहेबांनी माईक बंद करायला लावला.

ते गृहस्थ नंतर स्वतःहून माझ्याकडं आले. दिलगीर आहे म्हणाले. वर असा कुणी एक माणूस नाहीच, त्यांनी मला समजावलं. त्यांच्या देशातल्या निवृत्त शिक्षकांच्या पेन्शनचे पैसे एका फंडात आहेत, त्या फंडाची एक कंपनी आहे आणि तिच्या हातात ही कंपनी. त्या शिक्षकांनाही हे ठाऊक नसेल, असंही म्हणाले.

माझं समाधान व्हावं म्हणून त्यांनी हे सांगितलं होतं. मी मात्र कितीतरी दिवस तिकडच्या एका बाईचा विचार करत राहिले. असेल अशी कुणीतरी. जन्मभर वह्या तपासून डोळे अधू झालेली, माझ्यासारखी. तिला पेन्शन मिळावी, जरूर मिळावी. पण तिच्या म्हातारपणाची सोय माझ्या अम्मीच्या गुसलातून का? तिला ठाऊक नाही. फंडाला दिसत नाही. पुण्याला विचारावं लागतं. साहेबांना पॉवर नाही. आणि कुलूप आमच्या गल्लीत. वर कुणीच नसेल तर आम्ही परवानगी मागत होतो कुणाला? चाचांनी हात जोडले ते कुणापुढं?

त्यानंतर मी परवानगी हा शब्द सोडून दिला.

पावसाच्या तोंडाशी राधाक्कांचे सासरे गेले. नळ कोरडे. तेरचे, तामलवाडीचे पाहुणे निघालेले. राधाक्का दारात येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. या वेळी कंपनीच्या ऑफिसात कुणी गेलं नाही. मी चप्पल घातली.

चाचा म्हणाले, "बेटा, नोकरी जाईल."

"व्हय चाचा. जाईल."

भर दुपारी आम्ही बाया कोपऱ्यावर गेलो. पहार राधाक्कांच्या घरची. पहिला घाव माझा वाकडा बसला.

"मास्तरीणबाई, खडू न्हाय त्यो! दोनी हातानं धरा!"

मयताच्या घरच्या बायासुद्धा पदराआड हसल्या. मी दोन्ही हातांनी धरली. कुलूप तुटलं. टाकीचं पाणी तिथवर येऊन थांबलेलंच होतं. पहार अडकवून चौघींनी मिळून व्हॉल्व्ह फिरवला. म्हाताऱ्याला न्हाऊ घातलं. माणसं स्मशानातून परतली, त्यांच्या आंघोळी झाल्या. मग व्हॉल्व्ह आम्हीच बंद केला.

कंपनीनं पोलिसांत तक्रार दिली. कुलूप तोडलं, पाणी चोरलं. हेडसर घरी आले, चहा घेता घेता म्हणाले, "बाई, चूक झाली म्हणून दोन ओळी लिहून द्या. केस मागं घेतात म्हणे. तुम्ही शिकलेल्या आहात."

मी दोन ओळी लिहून दिल्या. कुलूप मी तोडलं. पुढच्या मयताला परत तोडीन. खाली पूर्ण सही केली.

हेडसरांनी कागद वाचला आणि चहा अर्धा टाकून उठले.

केस चालू आहे. नोकरीचं अजून ठरलेलं नाही. झाकणावर आता मोठं कुलूप आलंय. पहार माझ्याकडं असते, पुस्तकांच्या कपाटाला टेकवलेली. कुणाच्या घरी काही झालं तर न्यायला यायचं, हे गल्लीतल्या प्रत्येक घराला माहीत आहे. कंपनीलाही मी तसं कळवलं आहे.