सिस्टरांनी लिहिलेली ओळ

आमच्या दवाखान्याच्या दोन शाखा, एक पेणला, एक रोह्याला. पेशंटची माहिती दोन्हीकडे दिसावी म्हणून प्रोग्रॅम मीच लिहिले होते: एक सिस्टरांसाठी, दुसरा लॅबसाठी.

एकदा रोह्याला कासू गावच्या एक आजी आल्या. तिथली सिस्टर पेनिसिलिनचं इंजेक्शन भरत होती, तेवढ्यात आजींनी हात मागे घेतला.

"कसली सुई गो ही? मागं एका सुईनं सगळं अंग सुजलं माझं. पेणला लिवून घेतलंय."

सिस्टरने स्क्रीन पाहिली. "इथं तर काय नाय, आजी."

"तिथं नसंल. माझ्या ध्यानात हाय ना!"

इंजेक्शन बाजूला राहिलं आणि मला फोन आला. मी लगेच पेणच्या सिस्टरांना विचारलं, "सेव्ह करायचं राहिलं का?"

"लिहिलं, सेव्ह केलं, परत उघडून वाचलं," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

मग मी प्रोग्रॅमच्या नोंदी तपासायला बसले. 'पेनिसिलिनची ॲलर्जी' ही त्यांची ओळ खरंच सेव्ह झाली होती. पण त्याआधीच, दोन्हीकडचे नमुने तपासणाऱ्या रोह्याच्या लॅबने तेच रेकॉर्ड उघडलेलं होतं. लॅबने रिपोर्ट भरून सेव्ह केलं, तेव्हा माझ्या प्रोग्रॅमने लॅबकडचं अख्खं जुनं रेकॉर्ड नव्यावर लिहिलं. ओळ पुसली गेली. कुणाला काही कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी पेणला जाऊन सिस्टरांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माझं सोडा. आजींना काही झालं असतं तर?" मी त्यांच्याकडून आजींची ओळ पुन्हा भरून घेतली.

घाईघाईने मी लॉक घातलं: एकाने रेकॉर्ड उघडलं की दुसऱ्याने थांबायचं. दोनच दिवसांत रोह्याचे डॉक्टर वैतागले. पेणला सिस्टर रेकॉर्ड उघडं ठेवून ड्रेसिंगला गेल्या होत्या आणि रोह्याला पेशंट ताटकळत होता. माणसाच्या हातात लॉक देऊन चालणार नव्हतं. मग ते सेव्ह करण्याच्या क्षणापुरतंच ठेवलं. तेव्हाच प्रोग्रॅम बघतो, मधल्या वेळात कुणी काही बदललंय का. बदललं असेल तर सेव्ह न करता नवी माहिती समोर ठेवतो. शिवाय लॅबला आता फक्त रिपोर्टच भरता येतो.

हे मी पेणच्या सिस्टरांना शेजारी बसून दाखवलं. त्यांनी दोन कॉम्प्युटरवर एकच रेकॉर्ड उघडलं, आणि प्रोग्रॅमला फसवून ओळ पुसता येते का, ते बघत बराच वेळ बसल्या. एकदाही ओळ पुसली गेली नाही.