दाराकडची पहिली चौकट

"पहिलीनं वारा खावा, बाकीच्याईनं मध." असं म्हणून आमच्या शेजारचे काका मधपेटीवर टिचकी मारायचे आणि कान लावायचे. आतून गुंऽऽ आलं की मान हलवायचे, जणू फोनवर कोणी 'हाव', म्हणजे हो, म्हटलं.

थांबा, आधी पेटीचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मधपेटीत लाकडी चौकटी टांगलेल्या असतात, एकामागं एक, दप्तरातल्या वह्यांसारख्या, आणि खाली माश्यांना ये-जा करायला एक छोटं दार. त्यांच्यावर माश्या पोळं बांधतात. आता या चौकटींची नुसती कड दाराकडं करायची, की अख्खी चौकट दारासमोर आडवी घालायची? यावर काका तुमच्याशी तासभर बोलले असते. कड दाराकडं म्हणजे उभ्या, वारा सरळ फटींतून आत. आडव्या म्हणजे पहिली चौकट भिंतीसारखी दारात, सगळा गारठा ती झेलते आणि मागच्या उबेत राहतात. काकांचं ठरलेलं होतं: दिवाळी झाली की आडव्या, होळी झाली की उभ्या. पेट्या त्यांनीच चौरस बनवल्या होत्या, त्यामुळं तळाची फळी आणि दार जागेवर ठेवून वरचा डबा तेवढा फिरवायचा. सोनाळ्यात आमच्या गल्लीत काका दिवाळीनंतर डबे फिरवताना दिसले की बाया गोधड्या काढायच्या, खरंच!

मी एकदा रील काढायला गेले. "मित्रांनो, आज आपण..." एवढंच म्हटलं तर काका म्हणतात, "काऊन वं, कोनाशी बोलून राह्यली? कोठी हायेत मित्र?" पूर्ण रीलभर ते माझ्यामागं मित्र शोधतायत. अजून आहे ती माझ्याकडं. बघवत नाही आता.

तर ताई. काकांची एकुलती एक लेक. काकू आधीच गेलेल्या. ताईला मलकापूरला दिली होती. एका हिवाळ्यात ती तिच्या लेकीला, छोटीला, कडेवर घेऊन परत आली. तिच्या मनगटावर जे होतं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं आणि कोणीच काही विचारलं नाही. काकांनीही नाही. त्यांनी फक्त संध्याकाळी अंगणातली दोरीची बाज आत घेतली आणि उंबऱ्याला लागून दारात आडवी टाकली. तिथंच झोपायचं, तिथंच बसायचं. आम्हाला आत जायचं तर बाजेवर चढून जावं लागायचं. छोटी तर उड्याच मारायची.

मग जावई आणि त्याचा मोठा भाऊ जीप घेऊन आले. काका उठलेच नाहीत.

"बोला. इथूनच बोला. आयकू येते मले."

ते दोघं अंगणात, पेट्यांजवळ उभे. मोठा भाऊ तावातावानं हात हलवत बोलायला लागला. काका म्हणाले, "हात नका हालवू भाऊ, त्याईले राग येते." त्यानं ऐकलं नाही. असा फुगला ना कान त्याचा! जीप गेली तेव्हा अख्खी गल्ली हसत होती. काका हसत नव्हते. बाजेची दोरी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते.

होळी झाली, पेट्यांतल्या चौकटी उभ्या झाल्या. बाज मात्र आडवीच. सगळं गाव गच्चीवर झोपायला गेलं आणि काका दारात घामानं भिजलेले. लोक टोमणे मारायचे, "काय हो, लेकीले कोंडून ठेवता का?" माझे बाबा म्हणाले, "काका, हलवा ना ते बाज, केवढं तपून राह्यलं!"

"यंदा हिवाळा लंबा हाये बाप्पा," काका म्हणाले.

तो हिवाळा संपलाच नाही. वर्षं गेली. ताईचं शिलाई मशीन आलं, छोटी शाळेत जायला लागली, आणि बाज तिथंच.

या होळीनंतर चौकटी आडव्याच राहिल्या. ऊन चढलं तशा माश्या दाराबाहेर दाढीसारख्या लोंबायला लागल्या. मी म्हटलं, "काका, पलटायच्या राहिल्या की."

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "हात नाई उचलत वं. दम लागते. तिले नको सांगू."

तिला कळलंच होतं. दुसऱ्या दिवशी ते झोपलेले असताना ताईनं आणि मी डबे फिरवले. जन्मात पहिल्यांदा मी गप्प होते. वळून पाहिलं तर काका बाजेवर उठून बसलेले. त्यांनी एकेक पेटी नजरेनं तपासली. मग म्हणाले, "तिसरी तिरपी झाली."

ताईनं ती सरळ केली.

"जमते आता तुले," असं म्हणून ते पुन्हा आडवे झाले, आमच्याकडं पाठ करून.

पावसाळ्यात काका गेले. बाजेवरच, झोपेत. लोकांनी बाज बाहेर नेऊन भिंतीला उभी करून ठेवली. आणि ते दार, तुम्हाला कसं सांगू, केवढं मोठं दिसायला लागलं! कोणीही सरळ आत चालत जावं असं.

तेरवीची जेवणं उरकली, पाहुणे पांगले, आणि जीप आली. तेच दोघं. या वेळी मोठ्या भावाचा आवाज एकदम गोड. "बाप होता तोवर ठीक होतं. आता एकटी काय करशीन इथं? चाल, पोरीले घे."

माझे बाबा पुढं व्हायला लागले. ताईनं हातानंच थांबवलं. ती भिंतीकडं गेली, पावसानं भिजलेली बाज खाली घेतली आणि फरफटत त्यांच्या समोरून ओढत नेली. दारात आडवी टाकली. वर बसली.

"बोला. इथूनच बोला. आयकू येते मले."

ते बोलले. खूप बोलले, पण पेट्यांपासून लांब उभं राहून, हात खिशात घालून. ताई नुसती बसून होती. काकांच्या बसण्यानं दोरीत खड्डा पडला होता. ती नेमकी त्यातच बसली होती आणि तिच्यासाठी तो केवढा तरी मोठा होता.

आतून छोटीनं विचारलं, "आई, कोन आलं?"

ताईनं मागं वळून पाहिलं नाही.

"कोनी नाई. तू मध-पोळी खा."