विसाच्या पुढे

चेन्नईजवळच्या गुम्मिडिपूंडीतल्या एका कारखान्याच्या रिसेप्शनमध्ये माझा जुना लॅपटॉप ऐन वेळी सुरूच होईना. सगळी ड्रॉइंग्ज त्याच्याच पोटात होती, आणि आतून साहेब कधीही बोलावणार होते. शेजारी गजरा माळलेल्या, साठीच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी न विचारताच तो मांडीवर घेतला, पालथा करून बॅटरी काढली आणि बटणावर अंगठा रोवला. "आत अडकलेला करंट जाऊ दे, तीसपर्यंत दाबायचं," असं तमिळमध्ये म्हणाल्या आणि डोळे मिटून मोजू लागल्या, चक्क मराठीत. सूर तमिळ, आकडे आपले. विसावर मात्र अडल्या. माझ्या तोंडून निघालेलं "अरे, मराठी!" ऐकून, अंगठा न हलवता जुन्या तंजावरी मराठीत म्हणाल्या, "आमच्या घरी मराठी आकडे विसापर्यंतच आहेत."

मी म्हणालो, "एकवीस."

त्याही म्हणाल्या, "एकवीस."

असं करत आम्ही दोघं तीसपर्यंत पोचलो. बॅटरी बसवून त्यांनी बटण दाबलं. पंखा घरघरला, स्क्रीन उजळला, आणि तेवढ्यात माझं बोलावणंही आलं. आभार मानायला वळलो, तर बाईंचं स्क्रीनकडे लक्षच नव्हतं. त्या बोटांवर पुन्हा पहिल्यापासून मोजत होत्या, आणि या वेळी विसावर थांबल्या नाहीत.