कुमुदने बंद ठेवलेली अकरा मिनिटं

कुमुद गेल्याचा फोन तिच्या यजमानांनी, वसंतरावांनी, सकाळी साडेसातला केला. गॅसवर दूध होतं. "शैलाताई, कुमुद गई..." एवढंच म्हणाले. मी "येते" म्हटलं, फोन ठेवला, आणि त्या क्षणी माझ्या मनात जो पहिला विचार आला तो इथे लिहायची मला लाज वाटते. पण कुमुदवर लिहायचं आणि त्यात लपवाछपवी करायची, हे काही जमणार नाही. माझ्या मनात आलं, आता ती टेप उघडणार. पन्नास वर्षांची मैत्रीण गेली आणि रडू यायच्या आधी मला टेप आठवली. रडू आलं ते मल्हारगंजात तिच्या दारासमोर चपलांची रास दिसली तेव्हा, तोवर दूध उतू जाऊन गॅस विझलेला होता आणि मी तो तसाच टाकून निघाले होते.

आम्ही दोघी एकाच कॉलेजात. मी पुढे शाळेत गणित शिकवलं, ती कॉलेजात इतिहास. इंदूरच्या मराठी घरातली मुलगी इतिहास घेणार म्हणजे आपल्या संस्थानावरच काहीतरी लिहिणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. हिने निवडला एक अमेरिकन राष्ट्राध्यक्ष! शिष्यवृत्ती मिळवली आणि त्यांच्या कारकिर्दीचे कागद जिथे ठेवलेत त्या तिकडच्या अभिलेखागारात दोन वर्षं जाऊन बसली. त्या अध्यक्षांचं नाव मी लिहीत नाही, कारण ती स्वतःच घ्यायची नाही. "आमचे साहेब" म्हणायची, जुन्या कचेरीतली माणसं म्हणतात तसं. परत आली ती दोन सूटकेसा भरून झेरॉक्स घेऊन. तिच्या सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "लोकं अमेरिकेहून सेंट आणतात, साड्या आणतात. आमची बाई रद्दी लेके आई!" हे कुमुदच आम्हाला नक्कल करून सांगायची आणि हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

साहेबांच्या भाषणांत आणि करारांत तिला फारसा रस नव्हता. तिचा जीव होता मुलाखतींत. साहेब पदावरून गेल्यानंतर त्यांच्या भोवतीच्या माणसांना एकेक करून बसवून त्यांच्या आठवणी टेपवर घेतलेल्या होत्या. मंत्री, सचिव तर होतेच, पण टायपिस्ट, मोटारीचा ड्रायव्हर, टेलिफोनवरच्या बाई, स्वयंपाकीसुद्धा. हजारो पानं. ती म्हणायची, "अगं शैला, सुन तो. मंत्री तारीखवार बोलतो आणि तारीखवार खोटं बोलतो. ड्रायव्हरला तारीख नाही आठवत, पण साहेब त्या दिवशी गाडीत पूर्ण रस्ताभर गप्प होते, हे पक्कं आठवतं." मला तेव्हा ह्या सगळ्याचा कंटाळा यायचा. परक्या देशातल्या मेलेल्या माणसाचा ड्रायव्हर काय म्हणाला ह्याच्याशी आपलं काय घेणं, असं मी तोंडावर म्हणायचे. ती रागवायची नाही. तशी ती कधीच रागवायची नाही, आमच्यातला राग सगळा माझ्याकडे होता.

तिकडची एक पद्धत मात्र तिने मला शंभरदा सांगितली असेल. खोक्यातला एखादा कागद लोकांना दाखवायचा नसेल तर ते तो नुसता काढून घेत नाहीत. त्याच्या जागी एक चिठ्ठी ठेवतात. इथे अमुक प्रकारचा कागद होता, इतक्या पानांचा, ह्या कारणासाठी बंद ठेवला आहे. "लपवतात, पण लपवलंय हे लपवत नाहीत," ती म्हणायची. "आपल्याकडे कागदही जातो आणि चिठ्ठीही नसते. मग माणूस आयुष्यभर समजून चालतो, की इथे काही नव्हतंच." मुलाखतींचंही तसंच. बोलणारा माणूस लिहून देतो, एवढं आत्ता उघडा, एवढं माझ्या मागे. आणि तो शब्द पाळला जातो, मग बाहेर कोण कितीही डोकं आपटो.

पुन्हा अमेरिकेला जाणं काही झालं नाही. मग हिने तीच पद्धत इंदुरात सुरू केली. कॅसेटचा टेपरेकॉर्डर पिशवीत घालून ही बाई म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायची. संस्थानाच्या नोकरीत उमेदवारी केलेले कारकून, घोड्यांची पागा सांभाळणाऱ्याचा मुलगा, महूला छावणीत स्वयंपाकी होता त्याची विधवा. एक संमतीपत्र तिने मराठीत बनवलं होतं. त्यात तीन पर्याय. आत्ता खुलं, बोलणारा गेल्यावर खुलं, आणि बोलणारा व ऐकणारी दोघंही गेल्यावर खुलं. हा तिसरा तिचा स्वतःचा. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाली, "म्हणजे माझ्या तोंडावर कोणी विचारायला आलं तर मला सांगताच येणार नाही." बंद भागाच्या जागी ती फाइलीत गुलाबी कागद लावायची.

माझ्या वडिलांची, अण्णांची मुलाखत घे, असं मीच तिच्या मागे लागले होते. अण्णा तरुणपणी संस्थानाच्या दप्तरखान्यात लागले, पुढे सरकारी रेकॉर्ड ऑफिसात निवृत्त झाले. कागद सांभाळण्यात जन्म गेला. मला वाटलं दोघांचं मस्त जमेल. तीन दुपारी ती आली. मी चहा ठेवून शाळेत जायचे. महिन्याभराने तिने उतरवलेली पानं आणून दिली. मी हौसेने वाचायला घेतली आणि चौदाव्या पानानंतर गुलाबी कागद आला. "येथील अकरा मिनिटे बंद. बोलणारा व ऐकणारी दोघेही गेल्यावर उघडावीत." अण्णांना विचारलं तर ते वर्तमानपत्र उलटं-सुलटं करत राहिले.

ती अकरा मिनिटं कशाबद्दल असणार, हे मला तेव्हाच कळलं होतं. आमच्या घरात एकच बंद गोष्ट होती, माझा मोठा भाऊ नंदू. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात नापास झाला, वर्षभर ते लपवून रोज वह्या घेऊन घराबाहेर पडत राहिला. कळलं तेव्हा अण्णांनी त्याला वाड्यातल्या सगळ्यांसमोर थोबाडीत मारली आणि तोंड दाखवू नकोस म्हणाले. तो गेला. भिलाईला कुठल्याशा कारखान्यात होता असं नंतर समजलं. दोन वर्षं त्याची एक ओळ नाही. मग तिथल्या हॉस्पिटलातून तार आली, काविळीने गेला. आई त्यानंतर वीस वर्षं जगली, पण पोस्टमनची सायकल वाजली की तिचा हात कामातून थांबायचा... मेलेल्या मुलाचं पत्र आता कुठून येणार, हे काय तिला कळत नव्हतं? मी नंदूला कधी माफ केलं नाही. बापाने मारलं म्हणून आईलाही दोन ओळी लिहिता येऊ नयेत? भाऊबीजेला भाऊ नसला तर बायका चंद्राला ओवाळतात, मी तेही करायचे नाही. कुमुद घरी असली तर तिच्यादेखत नंदूला वाट्टेल ते बोलायचे. ती उठून आत पाणी प्यायला जायची.

अण्णा गेले. तेरावा झाल्यावर मी सरळ तिच्याकडे गेले आणि टेप मागितली.

"नाही देता येत, शैला."

"मी कोण आहे? त्यांची मुलगी आहे मी."

"मालूम है गं. पण त्यांनी तिसऱ्यावर खूण केली आहे. मी अजून आहे ना."

मग माझा तोल गेला. म्हटलं, तुझे साहेब सातासमुद्रापार मेले आणि तू त्यांचे नियम माझ्या बापाला लावतेस? मैत्रीण आहेस की सरकारी कपाट? ती शांतपणे म्हणाली, "नियम साहेबांचे नाहीत. शब्द मी अण्णांना दिला आहे. तुझ्यासाठी मोडला, तर महूची ती आजी, ते पागावाले, त्यांनी काय बघून मला सगळं सांगितलं?" मी चहा न घेता उठले. पुढची किती वर्षं आम्ही हळदीकुंकवाला भेटणाऱ्या दोन बायका होऊन राहिलो. फोन बंद, सराफ्यातली रात्रीची खाण्याची चक्कर बंद. ती दर दिवाळीला फराळाचा डबा पाठवायची, मी रिकामा डबा धुऊन परत पाठवायचे. त्यात साखरही घालायचे नाही.

गेल्या वर्षी तिचा आजार निघाला तेव्हा मी पुन्हा जायला लागले. सुरुवातीला आम्ही टेपचं नाव काढलं नाही. तिची तब्येत बरीच उतरली होती, पण जीभ तशीच. नर्सला साहेबांच्या स्वयंपाक्याच्या गोष्टी सांगायची. शेवटच्या भेटीत ती उशीला टेकून बसली होती, खिडकीतून खालच्या दुकानदारांचा गोंगाट येत होता. मी तिच्या पायांना तेल लावत होते. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कुमुद, आता तरी सांग ना." ती म्हणाली, "थोडं थांब की. आता फार दिवस नाही लागणार तुला."

मी तेल लावत राहिले. हात थांबवायचंही मला सुचलं नाही. तिच्या मरणाची मी वाट बघतेय हे तिला माहीत होतं, आणि तरी ती मला पाय चोळू देत होती. नऊ दिवसांनी फोन आला.

चौदाव्या दिवशी वसंतरावांनी बोलावलं. तिच्या खोलीत, टेबलावर एक लिफाफा होता, वर माझं नाव. आत कॅसेट आणि उतरवलेली सहा पानं, तिच्याच अक्षरात. तिचा जुना टेपरेकॉर्डर त्यांनी पुसून, सेल घालून ठेवला होता. "शैलाताई, तुम्ही आरामात ऐका. मी बाहेर बसतो. ये तुमच्या घरची बात है," म्हणाले आणि दार ओढून घेतलं. दुपारचे तीन वाजले होते.

आधी अण्णांचा खोकला आला. मग आवाज. "मी दप्तरातला माणूस, कुमुद. चाळीस वर्षांत एक कागद माझ्या हातून हरवला नाही... नंदूची तीन पत्रं आली होती. ऑफिसच्या पत्त्यावर पाठवायचा. बापाचा राग आधी शांत व्हावा, असं असेल त्याच्या मनात. तिन्ही मी बंबात घातली. आमच्या आंघोळीचं पाणी तापलं त्यांच्यावर. पहिल्यात माफी होती. दुसऱ्यात आईची चौकशी, शैलाच्या परीक्षेची चौकशी. तिसऱ्यात एवढंच, अण्णा, तबीयत ठीक नाही, घरी येऊ का? मी म्हटलं, झुरू दे थोडा, अक्कल येईल. मग तार आली. शैलाच्या आईला, ती जाईपर्यंत, मी सांगत राहिलो, त्याचं काही आलं नाही."

मी टेप बंद केली. वीस वर्षं आई ज्या पत्रासाठी कान देऊन होती ते तीनदा आलं होतं. आणि मी चाळीस वर्षं एका आजारी मुलाला शिव्या घातल्या होत्या, जो माझ्या परीक्षेचं विचारत होता. मी खूप रडले. वसंतरावांनी बाहेर पंखा मोठा केला, माझं रडणं त्यांना ऐकू येऊ नये म्हणून असावा. बऱ्याच वेळाने मी पुन्हा बटण दाबलं आणि पुढचं पानावर बोट ठेवून ऐकू लागले. शेवटच्या पानावर अण्णांची दोनच उत्तरं होती. "नको." त्याखाली, "त्याला घालू दे, मला घालण्यापेक्षा बरं. ती एकटीच राहिली आहे मला." नुसतं वाचून काही अर्थ लागत नव्हता, कोणाला काय घालू दे?

टेपवर मात्र त्या दोन उत्तरांच्या मधे कुमुद होती. तिने पानावर स्वतःला गाळलं होतं. मुलाखत घेणाऱ्याने आपलं मत मधे आणायचं नाही, आणलंच तर उतरवताना काढून टाकायचं, असा तिचा नियम होता. आधी तिने विचारलं होतं, "ह्यातलं थोडं तरी शैलाला सांगू?" अण्णा "नको" म्हणाले. आणि मग तिचा आवाज, मी कधी ऐकला नव्हता इतका चढलेला. "अण्णा, ती रोज नंदूला शिव्या घालते हो. माझ्यासमोर घालते. मला नाही ऐकवत. तो येणार होता, एवढं तरी कळू द्या तिला. मी हात जोडते." मग अण्णांचं ते उत्तर. मग तिचं, अगदी बारीक, "बरं."

म्हणजे ती माझ्यासाठी भांडली होती. हरली, आणि त्याच्या बदल्यात माझं इतक्या वर्षांचं फुगलेलं तोंड तिने बघितलं, धुतलेले डबे परत घेतले. अण्णांचं काय करायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. कुमुदची माफी मागायची होती, ती मागायला खोलीत कोणी नव्हतं.

वसंतराव विचारत होते, ही पानं बाकीच्यांसारखीच कॉलेजच्या लायब्ररीत द्यायची का. मी म्हटलं द्या, पण आधी एक पेन आणा. मग टेप पुन्हा पुन्हा मागे घेऊन, "नको" आणि "त्याला घालू दे" ह्यांच्या मधल्या कोऱ्या जागेत, तिने गाळलेलं एकेक वाक्य मी लिहिलं. जागा पुरेना, तर समासात गेले. "मी हात जोडते" लिहून झालं आणि त्याच्या अलीकडे, नियम मोडून, तिचं नाव घातलं.