रिमोटची शिकवणी

यंत्रांना एवढा मान देणारा माणूस अख्ख्या खालापूर तालुक्यात दुसरा झाला नाही, आणि यंत्रांनी एवढं दुसऱ्या कुणाला छळलंही नसेल. हे म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. रसायनीच्या एका कारखान्यात फिटर होते. तिथली यंत्रं बिनदिक्कत खोलायचे. घरातली मात्र वापरायचीसुद्धा नाहीत, कारण वापरली की वस्तू झिजते. मिक्सरला त्यांनी झालरीचा अंगरखा शिवून घेतला होता आणि वाटण पाट्यावर चाललं होतं. चिखल लागू नये म्हणून पावसाळ्यात नवी सायकल खांद्यावर घेऊन फाट्यापर्यंत चालत जायचे. "मग घेतलीत कशाला?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "वयनी, घरात सायकल हाय म्हटलं की मानसाला आधार वाटतो."

त्यांच्या मस्कतच्या भावानं रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आणून दिला. दोन्हींचे रिमोट यांनी ताबडतोब प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कपाटात घातले आणि कुलूप लावलं. त्याच सुमारास वन्सं शेताच्या बांधावरून घसरल्या, कमरेचं हाड मोडलं आणि त्या खाटेला खिळल्या. हे दुसऱ्या पाळीला गेले की शेजारणी यायच्या, टीव्ही लावायच्या, स्वतःला हवं ते बघायच्या. बंद करायची आठवण मात्र कुणाला नसायची. कार्यक्रम संपले तरी वन्सं बिचाऱ्या पडद्यावरच्या मुंग्या बघत नवऱ्याची वाट पाहत पडायच्या. "माज्या हातात एखादं बटन तरी द्या," एवढंच त्यांचं मागणं. यांना वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण मूळ रिमोट बाहेर काढायचा म्हणजे देव्हाऱ्यातला देव खेळायला देण्यासारखं. शेवटी त्यांनी भावाला कळवून तिसराच रिमोट मागवला. तो दोन्ही यंत्रं चालवणार होता, फक्त आधी त्याला शिकवावं लागणार होतं. जुना आणि नवा समोरासमोर ठेवायचा आणि एकेक बटण दाबायचं, की जुन्याची विद्या नव्यात उतरते.

पुढचे कित्येक आठवडे विद्या काही उतरली नाही. यांनी आधी विजेला दोष दिला, मग कारखान्याच्या धुराला, मग वन्संच्या खोकल्याला.

एका रविवारी मी कर्जतहून गेले, तर हे सोवळं नेसून पाटासमोर बसलेले. पाटावर दोन रिमोट, उदबत्ती, फुलं. सिनेमासाठी आलेल्या शेजारणी भिंतीला टेकून बसलेल्या.

"काय चाललंय, भावोजी?"

"गप ऱ्हावा. शिकवनी हाय." मग हळूच म्हणाले, "इद्यार्थी लय मंद हाय, वयनी."

"गुरुजींचं काय ते आधी बघू," म्हणत मी नवा रिमोट उचलला. पुढच्या काळ्या काचेवर कालच्या वाळलेल्या गंधावर आजचं ओलं गंध, चांगलं बोटभर.

"हे काय?"

"कपाळ हाय त्याचं. आंगोळ करून रोज लावतो. इद्येची वस्तू ना!"

"कपाळ नाही, डोळा आहे तो. तुम्ही डोळ्यात गंध घालून त्याला शाळेत बसवलंत."

मी पदरानं काच पुसली, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असे भाव आले, जणू मी देवळात चपला घालून शिरले. त्यानंतर मात्र विद्यार्थ्यानं पहिल्याच फटक्यात धडा घेतला. टीव्ही लागला. यांनी लगेच शेजारणींना यंत्राच्या स्वभावावर व्याख्यान सुरू केलं. ते संपायचं लक्षण दिसेना, तेव्हा मी रिमोट नेऊन वन्संच्या हातात दिला.

वन्संनी तो उलटसुलट करून पाहिला, नेम धरला आणि टीव्ही बंद केला.

"अगं, लाव ना! शिनेमा सुरू व्हईल," एक शेजारीण म्हणाली.

"नाय लावत."

थोडा वेळ वाट पाहून बायका कुरकुरत उठल्या. हे गोंधळून म्हणाले, "बिघडला काय गं?"

"नाय बिघडला. तुमी हितं बसा. रोज खोली मानसांनी भरलेली असते, पन समदी त्या पेटीकडं तोंड करून. माज्याशी कोन बोलतंय? आता बोला कायतरी."

हे खाटेच्या कडेला बसले. सोवळ्याचा काठ चाचपत राहिले. मग म्हणाले, "काल चौकाजवळ आमची बस बंद पडली..."

"मग?" वन्सं म्हणाल्या.

मी आत जाऊन तिघांचा चहा टाकला. तो उकळला, गाळून झाला, तरी बाहेर नेण्याची घाई मी केली नाही.