राउटरवरचा गंज

कोळसा खाणींजवळच्या वणीत आमच्या घरी इंटरनेट दुरुस्त करणारा तो तंत्रज्ञ एकदाच आला. दुपारी मुलीची नोकरीची मुलाखत लॅपटॉपवर होणार होती आणि सकाळपासून तिच्या खोलीत इंटरनेट पोचत नव्हतं. "कोणी हात लावला?" असं माझं घरभर विचारून झालं होतं. जो तो "मी नाही" म्हणत होता.

त्याने दारात चपला काढल्या. बॅग न उघडताच मोबाइल हातात धरून तो खोल्याखोल्यांतून सावकाश फिरला. मग पाणी पिता पिता त्याने विचारलं, "कालपासून घरात काय काय हललं?"

"हललं काही नाही," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "मी त फक्त त्या डब्बीवर गंज पालथा घातला. कोयशाची धूळ बसून राह्यली होती तिच्यावर."

बैठकीतल्या उंच कपाटावर राउटर स्टीलच्या मोठ्या गंजाखाली, म्हणजे पातेल्याखाली, झाकलेला होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याने हाताने मला थांबवलं. गंज उचलून त्याने, तापलेल्या पोराचं कपाळ पाहावं तसा, उलटा हात राउटरला लावला.

"आजी, धूळ तुमी बराबर वळखली," तो म्हणाला. "पण गंजातून याचा आवाज बाहेर येत नाही, अन् हा तापते बी. रोज कोरड्या फडक्यानं पुसत जा."

मुलाखत वेळेवर झाली. सासूबाई राउटर रोज पुसतात. घरात काही बिघडलं की मीही आता काय हललं तेवढंच विचारते. उत्तर लवकर मिळतं.