कवड्यांची टकटक

रेकॉर्डिंग मशीनच्या क्लॉकची ती काळी वायर ड्रॉवरमध्ये हाताला लागली, की मला तुळजापूरच्या त्या खोलीतला देवीच्या विझलेल्या पोताच्या, त्या मशालीच्या, तेलाचा वास येतो. देवीची गाणी म्हणणाऱ्या एका म्हाताऱ्या आराधीण मावशींचं रेकॉर्डिंग करायला मी गेलो होतो. त्या गायला लागल्या आणि माझ्या हेडफोनमध्ये मधूनच टकटक ऐकू यायला लागली. माझी नजर थेट त्यांच्या गळ्यातल्या कवड्यांच्या माळेवर गेली. "मावशी, ती माळ काढा, आवाज येतोय." "ही देवीम्होरं घातल्याली हाय, साहेब. म्या आंघुळीला बी काढत न्हाय." "मग राहू द्या रेकॉर्डिंग," मी तुसडेपणानं म्हणालो. त्यांनी माळ उतरवून परडीत ठेवली. टकटक तशीच. तेव्हा कुठं मी माझ्या मशीनकडं बघितलं. दोन डिजिटल मशीनं जोडली, की एकानं दुसऱ्याच्या आतल्या घड्याळावर, म्हणजे क्लॉकवर, चालायचं असतं; नाहीतर आवाजात अशी टकटक येते. माझी दोन्ही आपापल्या घड्याळावर चालली होती, कारण ही वायर लावायचीच मी विसरलो होतो. ती लावली, एक सेटिंग बदललं आणि आवाज स्वच्छ झाला. "माळंचाच आवाज हुता व्हय?" मावशींनी विचारलं. मी "हो" म्हणालो. मग त्या मोकळ्या गळ्यावर हात ठेवून सगळी गाणी गायल्या. ते रेकॉर्डिंग किती स्वच्छ आहे, असं लोक अजून मला सांगतात. खरंच आहे. त्यात कसलीच टकटक नाही, कवड्यांचीसुद्धा नाही.